देवीची पाठ

संजय स्टुलावर चढून स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालत होता. दर दिवाळीला हे एवढं एकच काम त्याच्याकडे असायचं, आणि ते तो किल्ला सर केल्याच्या थाटात करायचा. मागे एकदा धुपाच्या धुराने अलार्म कोकलला होता, फायर ब्रिगेडची गाडी दारात उभी राहिली होती आणि सुनेत्राने हेल्मेट घातलेल्या एका सव्वासहा फुटी माणसाच्या हातावर करंज्या ठेवल्या होत्या. तेव्हापासून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या घरात लक्ष्मीच्या आधी मान शॉवर कॅपला होता.

“बसली का नीट?” सुनेत्राने ओट्यापाशी उभ्या उभ्याच नवऱ्याला विचारलं.

“एकदम फिट. आता यज्ञ केलास तरी चालेल.”

मालिनीबाई डायनिंग टेबलाच्या कोपऱ्याला बसून लाह्या निवडत होत्या. खरं तर लाह्यांमध्ये निवडण्यासारखं काही नव्हतं. ओक ट्री रोडवरच्या दुकानात हल्ली सगळं निवडून, सोलून, किसूनच मिळतं. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांचे हात असे रिकामे कधी राहिले नव्हते, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं हे या वयात कोण शिकवणार?

सकाळीच त्यांनी कुंकवाची कोयरी आणि चांदीचा करंडा थोरल्या सुनेच्या हातात देऊन टाकला होता. “पूजा यंदा तू कर,” त्या म्हणाल्या होत्या. “सवाष्णीचं काम आहे.”

“आई, असलं काही मानत नाही आपण आता,” सुनेत्रा म्हणाली होती.

“तू मानत नसशील. मला कुणी विचारलेलं नाही.”

फेब्रुवारीत त्यांचे यजमान पुरुषोत्तम गेले. दोघं धाकट्या मुलाकडे, शंतनूकडे मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायला गेले होते. सकाळी फिरायला म्हणून त्यांनी बूट घातले आणि बूट घातलेलेच सोफ्यावर गेले. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. मालिनीबाईंना मात्र तेव्हापासून एकेक गोष्ट कळत होती. सकाळी चहाचा दुसरा कप उगाच काढून ठेवला जातो, हे कळलं. आणि पन्नासेक दिवाळ्या जी देवी आपल्या हातून न्हाली, तिला यंदा आपल्याला हात लावता येणार नाही, हे आज कळलं.

देवी म्हणजे तेरकरांची अन्नपूर्णा. तेर गावाहून या घराण्यात नाण्यासारख्या सोन्याच्या पुतळ्यांची एक माळ चालत आली होती. माळेतल्या बाकीच्या पुतळ्या मालिनीबाईंनी दोन्ही सुनांना त्यांच्या लग्नात वाटून दिल्या, पण मधली एक ठेवून घेतली. ती बाकीच्यांपेक्षा जाड होती, तिच्यावरचं चित्रही वेगळं होतं. डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती. तिच्या एका हातात धान्याची कणसं, दुसऱ्या हातात लांब दांड्याची पळी. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला ती करंड्यातून बाहेर यायची आणि वाटीतल्या तांदळावर बसायची. तिला हात फक्त घरच्या सुनेने लावायचा, तोही सवाष्ण सुनेने. मालिनीबाईंनंतर ती कुणाकडे जायची, हा प्रश्न आजवर कुणी तोंडाने विचारला नव्हता.

आज मात्र दोन्ही सुना एकमेकींशी इतकं गोड बोलत होत्या की मालिनीबाईंना काळजी वाटायला लागली होती.

“वहिनी, तुम्ही बसा ना. मी करते पंचामृत,” धाकटी आसावरी म्हणाली. ती कालच ट्रॉयहून आली होती. शंतनूला प्लांटमधून सुटी मिळाली नव्हती, म्हणून ती पुतणीबरोबर गाडीने आली.

“अगं नको, दमली असशील. दहा तासांचा ड्राइव्ह झाला,” सुनेत्रा म्हणाली.

“ड्राइव्ह तर रुचानेच केला. मी नुसती शेजारी बसून बोलत होते.”

“ते ऐकणंही दमवतं गं,” फ्रीजला टेकून चकली खाणारी रुचा म्हणाली.

आसावरी हसली, हात पुसत आली आणि सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिने मूठभर लाह्या पुढे ओढल्या, म्हणजे आता ती काहीतरी महत्त्वाचं बोलणार होती.

“आई, आमच्या ईशानचं लग्न मेमध्ये नक्की झालं. हॉल बुक केलाय. मी म्हणत होते, अदिती या घराची पहिली नातसून. नागपूरची असली तरी सगळं रीतीने करायची हौस आहे तिला. तर अन्नपूर्णा तिच्या हातात दिली, म्हणजे... मला काय म्हणायचंय ते कळतंय ना तुम्हाला?”

“आजच्या दिवशी कशाला हा विषय?” सुनेत्रा ओट्याकडूनच म्हणाली.

“आजच्याच दिवशी ना, वहिनी. एरवी ती कुठे बाहेर निघते?”

“आई आहेत अजून. आणि आईंनंतर मी आहे.”

“आणि तुमच्यानंतर?”

चमच्याचा आवाज थांबला. सगळ्यांनी रुचाकडे बघायचं टाळलं, आणि टाळताना सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच गेलं. रुचा लेक होती, उद्या दुसऱ्या घरची सून होणार होती. लेकींनी अन्नपूर्णेला लांबूनच नमस्कार करायचा असतो, हे तिला तिसऱ्या वर्षी सांगितलं होतं आणि तिने तेव्हा भोकाड पसरलं होतं.

“यार, मी इथेच आहे हं,” रुचा म्हणाली. तिने चकली बाजूला ठेवली, बोटं जीन्सला पुसली. “आज्जी, करंडा उघडायच्या आधी मला तुला एक सांगायचंय. मी तिला बघितलं.”

“कुणाला?”

“आपल्या अन्नपूर्णेला. म्युझियममध्ये.”

रुचा मिशिगनमध्ये रोमन इतिहासात पीएच.डी. करत होती. ती पुरी झाल्यावर पुढे काय करतात, हे संजयला अजून कळलेलं नव्हतं आणि विचारायची त्याची हिंमत नव्हती. शनिवार-रविवार ती काकाकाकूंकडे ट्रॉयला जायची. तिचे कपडे तिथे धुतले जायचे, डबे तिथून भरून जायचे, आणि सुनेत्राला हे सगळं फोटोंमधून कळायचं.

“मागच्या महिन्यात प्रोफेसरने आम्हाला कॉइन रूम दाखवली,” रुचा सांगायला लागली. “एक ट्रे ओढला, सगळं रोमन सोनं. आणि आज्जी, आय स्टॉप्ड ब्रीदिंग. ती तिथे उभी होती. सेम पदर, सेम कणसं, सेम पळी. मला वाटलं आपली कुणी उचलून तिथे नेऊन ठेवली की काय.”

तिने फोन आजीच्या हातात दिला. मालिनीबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. काळ्या मखमलीवर एक सोन्याचं नाणं होतं, आणि नाण्यावर त्यांची अन्नपूर्णा होती. तीच. खांद्यावरून येणारी पदराची घडी त्या डोळे मिटून काढून दाखवू शकल्या असत्या. पण या अन्नपूर्णेला डोळे होते, नाक होतं, बोटांत धरलेल्या कणसांचे दाणे वेगवेगळे दिसत होते.

“हिला नाक आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “आपलीला राहिलंच नाही. कुंकू लावून लावून सगळ्यांनी घासून टाकलं.”

फोन या हातातून त्या हातात गेला. आसावरीने तो बराच वेळ धरून ठेवला. “दहा तास शेजारी बसलीस, आणि अक्षर बोलली नाहीस मला?”

“काकू, तू दहा तास अदितीच्या नऊवारीवर बोलत होतीस.”

“थांबा, थांबा,” संजय म्हणाला. तो अजून स्टुलावरच होता. “म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या एका रोमन बाईला अनारसे दाखवत होतो?”

“बाबा, देवी आहे ती. सिरीझ. धान्याची देवी.”

“म्हणजे अन्नपूर्णाच की,” मालिनीबाई म्हणाल्या.

रुचा आजीकडे बघत राहिली. “हो. मी प्रोफेसरला हेच म्हटलं. म्हटलं, आमच्याकडे हिला कुणी काही सांगितलेलं नाही, कुणाला लॅटिन येत नाही, तरी घरातल्या बायकांनी बघून ओळखलंय की ही जेवायला घालणारी आहे.”

मालिनीबाईंना आपल्या सासूची आठवण झाली. सासूला मराठीही जेमतेम वाचता यायचं. तिने, आणि तिच्या सासूने, आणि त्याहून मागच्या, नावंही माहीत नसलेल्या बायकांनी एका परक्या देवीच्या हातातली कणसं बघितली आणि तिला चुलीशेजारी जागा दिली. कुठून आलीस म्हणून विचारलं नाही. त्यांना एकदम त्या सगळ्यांचा फार अभिमान वाटला.

“फक्त ती पळी नाहीये आज्जी,” रुचा म्हणाली. “मशाल आहे.”

“मशाल कशाला लागते अन्नपूर्णेला?”

“तिची मुलगी हरवली. जमिनीखालच्या राजाने पळवून नेली. मग ही मशाल पेटवून सगळी पृथ्वी शोधत हिंडली. ती हिंडत होती तोवर शेतात काही म्हणजे काही उगवलं नाही.”

“सापडली?” सुनेत्राने विचारलं. ती केव्हा ओट्यापासून इकडे आली ते कुणाला कळलं नव्हतं.

“सापडली. पण अर्धं वर्ष आईकडे आणि अर्धं तिकडे, असं ठरलं.”

“तिकडे म्हणजे मिशिगनला,” संजय म्हणाला.

रुचा हसली. सुनेत्रा हसली नाही. तिने लेकीच्या खांद्यावरचा, तिथे नसलेला पिठाचा डाग हाताने झटकला आणि हात तिथेच राहू दिला. आसावरीने ते बघितलं आणि मान खाली घालून पुन्हा लाह्या निवडायला लागली.

“पण रोमची बाई तेरला कशी पोचली?” संजयने विचारलं. आता तो खाली उतरला होता.

“बोटीने. तेरहून कापड जायचं बाबा, बारीक सुती कापड. रोमच्या बायका त्याच्यासाठी वेड्या होत्या. बदल्यात तिकडून सोनं यायचं. पावसाळी वारे सुरू झाले की जहाजं तांबड्या समुद्रातून सुटायची ती सरळ आपल्या किनाऱ्याला. मग बैलांवरून घाट चढून वर. आणि आपल्याकडच्या बायकांना ही नाणी इतकी आवडली की त्यांनी ती खर्च केलीच नाहीत. कडी लावली आणि गळ्यात घातली.” रुचाचे डोळे चमकत होते. “आज्जी, तुझ्या करंड्यात जे आहे ना, ते एकोणीसशे वर्षांपूर्वीचं असू शकतं.”

सुनेत्राने फडताळावरच्या करंड्याकडे बघितलं आणि नकळत पदर सारखा केला. सकाळी तिने तो करंडा गाडीच्या किल्ल्यांच्या वाडग्याशेजारी ठेवला होता.

मालिनीबाईंच्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच येत होतं. पुण्याहून निघताना त्यांनी हीच अन्नपूर्णा रुमालात बांधून ब्लाउजमध्ये खोचली होती आणि विमानात रात्रभर छातीवर हात ठेवून जाग्या राहिल्या होत्या. त्यांना वाटलं होतं, आपण हिला पहिल्यांदा समुद्रापलीकडे नेतोय, बिचारी घाबरली असेल. आणि ती तर आधीच एक समुद्र ओलांडून आलेली होती.

“असू शकतं म्हणजे?” आसावरीने विचारलं. “नक्की नाही?”

“नाही ना. आपल्याकडचे सोनार त्यांच्या नकलाही करायचे. हुबेहूब. फक्त त्यांना अक्षरं यायची नाहीत, म्हणून अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा असायच्या. आपल्या नाण्यावर पुढची अक्षरं सगळी झिजलीत. आणि हीच सिरीझ बऱ्याच वेगवेगळ्या नाण्यांवर असते, म्हणून प्रोफेसरने विचारलं, मागे काय आहे? मी म्हटलं, वी डोंट लुक. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.”

आता कुणीच कुणाकडे बघेना.

तेरकरांच्या घरात देवीची पाठ बघत नाहीत. हे मालिनीबाईंना त्यांच्या पहिल्या लक्ष्मीपूजनाला सासूने सांगितलं होतं आणि पुढे त्यांनी दोन्ही सुनांना सांगितलं होतं. जी सवाष्ण अन्नपूर्णेची पाठ बघेल तिचं कुंकू पुसलं जाईल. म्हणून न्हाऊ घालताना पाणी वरून ओतायचं, उजव्या हाताने उचलायचं, आणि खालची बाजू पुसायची ती डोळे मिटून, अंगठ्याने. तांदळावर ठेवेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

“मग बघू या की,” संजय म्हणाला. “त्यात काय आहे? आण इकडे, मी बघतो.”

“पुरुषांनी हात नाही लावलेला आजवर,” सुनेत्रा म्हणाली. “आई, हो ना?”

“तू तर मानत नाहीस ना?” संजयने बायकोला विचारलं.

“मी मानत नाही. पण बघणारही नाही.”

“मीही नाही,” आसावरी लगेच म्हणाली. सकाळपासून त्या दोघींचं पहिल्यांदाच मनापासून एकमत झालं होतं. “शंतनू रोज ऐंशीच्या स्पीडने हायवेवरून जातो. मला उगाच विषाची परीक्षा नको.”

“मी बघू?” रुचाने विचारलं. “माझं तर लग्नच झालेलं नाही.”

“नाही,” दोघी एका आवाजात म्हणाल्या.

“अगं पण...”

“व्हायचंय ना?” आसावरी म्हणाली, आणि सुनेत्राने जावेकडे पाहून जोरात मान हलवली.

मालिनीबाई लाह्यांचं ताट बाजूला सारत होत्या. त्यांनी चष्मा पदराने पुसला, पुन्हा लावला.

“करंडा इकडे दे,” त्या सुनेत्राला म्हणाल्या.

“आई?”

“दे. ज्यांना भीती आहे त्या सवाष्णी. मला काय करणार आहे ती आता?”

हे वाक्य त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. सुनेत्राने करंडा आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि मागे सरली.

खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली अन्नपूर्णा त्यांनी डाव्या तळहातावर घेतली. एवढीशी, इथल्या निकेलच्या नाण्याएवढी, पण हाताला भार जाणवेल अशी. नाक नसलेली, डोळे नसलेली ती बाई नेहमीसारखी कणसं धरून उभी होती.

“मी माझी बाजू पाळली,” मालिनीबाई तिला म्हणाल्या. “दर दिवाळीला तुला आंघोळ घातली, डोळे मिटून पुसलं. एकदाही बघितलं नाही. मोह झाला तरी बघितलं नाही. आणि तरी गेलेच ना ते?”

त्यांना राग आला होता. फेब्रुवारीपासून छातीत जे काही दाटलं होतं त्याला सगळे दुःख म्हणत होते, त्याही म्हणत होत्या. पण त्यातलं निम्मं तरी राग होता, आणि तो या तळहातावरच्या बाईवर होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

“ज्यांना काही राखायचंय त्यांनी डोळे मिटा,” त्या म्हणाल्या.

आसावरीने डोळे गच्च मिटले. काही न मानणाऱ्या सुनेत्रानेही मिटले. मालिनीबाईंनी नाणं उलटं केलं.

आधी काही उमगेना. टेकड्या दिसल्या, एक वळण दिसलं. मग लक्षात आलं की चित्र उलटं आहे. कडी देवीच्या डोक्यावर बसवलेली, त्यामुळे या बाजूचं जे होतं ते डोकं खाली करून लोंबकळत आलेलं. त्यांनी तळहात हळूहळू फिरवला, आणि एक चेहरा सरळ झाला.

“बाई आहे,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

“कोण बाई?” मिटल्या डोळ्यांनी सुनेत्राने विचारलं.

“चांगली बाई आहे गं. प्रौढ आहे, पोक्त. वेण्या घालून वर आंबाडा बांधलाय, आणि काय सुंदर बांधलाय. एक केस विस्कटलेला नाही. नाक सरळ आहे. हनुवटीखाली जरासं मांस सुटलंय, माझ्यासारखं.”

त्यांचा अंगठा आपोआप त्या नाकावर गेला आणि तिथेच थांबला. हे नाक त्यांच्या ओळखीचं होतं. पन्नास वर्षं मिटल्या डोळ्यांनी पुसताना अंगठ्याला इथे एक उंचवटा लागायचा, इथे एक खळगा. दरवर्षी त्यांना वाटायचं, काय असेल? सर्प असेल, कवटी असेल, कुणा उग्र देवतेचं तोंड असेल. आणि दरवर्षी त्यांच्या अंगठ्याखाली एका बाईचा गाल होता. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. डोळे मात्र भरून आले.

रुचा गुडघ्यांवर बसून फोनचा उजेड धरत होती.

“आज्जी. अक्षरं आहेत. रेघा नाहीत, खरी अक्षरं आहेत.” तिने एकेक अक्षर बोटाने लांबूनच दाखवत वाचलं. “डीवा... फाउस्टिना. ओ माय गॉड. नक्कल नाहीये. हे रोममध्ये पाडलंय.”

“कोण ही?”

“राणी. सम्राटाची बायको. डीवा म्हणजे देवी झालेली. ती वारली ना, तेव्हा त्याने जाहीर केलं की ही आता देवी आहे, आणि तिच्या नावाने नाणी पाडायला लागला. तो पुढे वीसेक वर्षं जगला. तेवढी वर्षं नाणी निघतच राहिली. कधी मागे कणसं आणि मशाल, कधी मोर, कधी एक तारा. मोर तिला वर आकाशात घेऊन जातो असं मानायचे. मागचं चित्र बदलायचं. पुढे मात्र कायम ही.”

“मागे म्हणजे?” संजयने विचारलं. “पुढे तर अन्नपूर्णा आहे.”

रुचाने क्षणभर वडिलांकडे आणि मग आजीकडे पाहिलं. “बाबा, नाण्याची पुढची बाजू चेहऱ्याची असते. आपण ज्याला पाठ म्हणतो ना, तेच तिचं तोंड आहे. आपण इतकी वर्षं मागच्या बाजूची पूजा केली आणि हिला तांदळात पालथं झोपवलं.”

आसावरीने केव्हाच डोळे उघडले होते. सुनेत्रानेही उघडले होते. दोघी सासूच्या खुर्चीमागे वाकून, डोक्याला डोकं लावून बघत होत्या, आणि शंतनूचा हायवे वगैरे काही कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. संजयही वाकला. त्याच्या तोंडात नेहमी काहीतरी थट्टा तयार असायची, पण आता तो चष्मा काढून नुसता उभा राहिला.

“अहेव गेली म्हणजे,” आसावरी हलकेच म्हणाली. “भाग्याची.”

“त्याने दुसरं लग्न?” सुनेत्राने विचारलं.

“लग्न नाही केलं,” रुचा म्हणाली आणि पुढचं बोलली नाही.

मालिनीबाईंचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतं. ही भाग्याची खरी. पण मागे राहिला तो? बायको गेल्यावर त्या राजाला कुणी म्हटलं असेल का, की आता तुम्ही बाजूला बसा? म्हटलं असेल, तरी तो बसला नाही. त्याने सोनं आणवलं, कारागीर बोलावले, तिचा आंबाडा कसा असायचा ते त्यांना बसून सांगितलं. जिच्याबरोबर जन्म काढला तिचा चेहरा दूरदूरच्या लोकांच्या हातात जावा म्हणून तो वीस वर्षं खटपट करत राहिला. आणि तो चेहरा इथवर आला, ज्या देशाचं नावही त्याने ऐकलं नसेल तिथे, न्यू जर्सीत, एका म्हातारीच्या तळहातावर. मालिनीबाईंना त्या अनोळखी माणसाला नमस्कार करावासा वाटला.

“हे गोल फिरून लिहिलंय ते तिचं नाव?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“राजाने लिहवून घेतलं?”

“हो आज्जी.”

“ती गेल्यावर?”

“गेल्यावर.”

मालिनीबाईंनी त्या अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला. मग त्यांनी कोयरी पुढे ओढली.

“सुनेत्रा, समई लाव. आसावरी, तांदूळ आण वाटीत. पूजा मी करते.”

“हो आई,” सुनेत्रा म्हणाली.

“आणि ही अदितीकडे जाणार की रुचाकडे, ते मी गेल्यावर भांडा. दोघींनी मिळून भांडा, म्हणजे लवकर आटपेल.”

“भांडत नाही आई,” आसावरी म्हणाली. तिने नाक ओढलं. “ईशानच्या लग्नात तुम्हीच घेऊन या तिला. पुढचं पुढे.” सुनेत्राने तिच्या हातात तांदळाची वाटी दिली आणि जाता जाता तिचा दंड दाबला.

बाहेर अंधार पडायला लागला होता. शेजारच्या ड्राइव्हवेवर कुणीतरी ऑफिसमधून येऊन गाडी लावत होतं. घरात समई लागली, उदबत्ती लागली. मालिनीबाईंनी नाण्यावर पाणी घातलं, आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून ते दोन्ही बाजूंनी पुसलं. तांदळावर ठेवताना कडी खाली केली. राणीचा चेहरा वर आला. इतक्या पिढ्यांनंतर तिने या घरातला उजेड बघितला, असं त्यांना वाटलं.

अनामिकेवर कुंकू घेऊन त्यांनी ते राणीच्या कपाळाला टेकवलं.

कुंकू लावल्यावर या घरची सून नवऱ्याचं नाव घेते. यमक जुळवलेला उखाणा असतो, सगळे हसतात, मग आरती होते. यंदा कुणी मालिनीबाईंकडे बघितलं नाही. संजयने आरती सुरू करायला घंटा उचलली.

उखाण्याबाहेर ते नाव त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. विमानतळावर ऑफिसरने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही त्यांनी फक्त शेजारी उभ्या असलेल्या पुरुषोत्तमांकडे बोट दाखवलं होतं, आणि तो ऑफिसर गोंधळून दोघांकडे बघत राहिला होता. पुढे घरात ‘हे’ होते, ‘अहो’ होते, फेब्रुवारीनंतर ‘ते’ झाले. आणि आता कुणीच नाव विचारणार नव्हतं.

“पुरुषोत्तम,” मालिनीबाई म्हणाल्या.

घंटा संजयच्या हातातच राहिली.

त्या नावाला पुढे यमक नव्हतं, मागे काही नव्हतं. नुसतं नाव होतं, आणि इतकी वर्षं तोंडाशी अडवून धरलेलं ते नाव उच्चारायला इतकं सोपं असेल याची त्यांना कल्पना नव्हती. म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा घेतलं.